पितृपक्षात घटलेलं वजन

शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

डॉ. मृण्मयी गायधनींकडे वार्षिक तपासणी. वार्षिक म्हणजे तीन वर्षांनी. वजन ९३.६. कंबर १०८ सेंटिमीटर. बीपी १४८/९४. शुगर सीमारेषेवर, लिव्हरवर चरबी. बाईंचं मशीन जुनं असावं.

आजार तोच, जन्मापासूनचा. प्रत्येक किडनीच्या डोक्यावर एक छोटी ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल. ती माझ्यात आणि सुधात नीट काम करत नाही. आईबाबा मामे-आते भावंडं, त्यामुळे एकच बिघाड दोन्हीकडून आला आणि आम्हा भावाबहिणीला पुरा पडला. शरीर लागणारं हार्मोन बनवत नाही, म्हणून दिवसातून तीनदा गोळी. अंगात मीठ टिकावं म्हणून सकाळी आणखी एक. एकेचाळीस वर्षं घेतोय.

बाई म्हणाल्या, पूर्वी या आजारात मूल जगलं की डॉक्टर सुटले. आता ती मुलं चाळिशीत आलीत, आता त्यांचं हृदय सांभाळायचंय. गोळी गरजेपेक्षा जास्त झाली की पोट, बीपी, शुगर सगळं वाढतं. मग विचारलं, ताप आला तर डोस डबल करता ना? मी प्रामाणिक माणूस. सांगितलं, तापात करतोच, शिंका आल्या तरी करतो, ऑफिसात ऑडिट असलं तरी करतो, छायाच्या माहेरचे येणार असले तर आदल्या दिवसापासून करतो. बाईंनी पेन खाली ठेवलं.

निष्कर्ष: लिहिलीय तेवढीच घ्यायची. जास्त नको. पण एक दिवसही बंद नको, बंद केली तर जीव जाईल. हे शेवटचं वाक्य त्यांनी छायाकडे बघून म्हटलं. डॉक्टरांना थोडं नाटक करावंच लागतं.

होमवर्क: रोज चाळीस मिनिटं चालणं. रोज बीपी मोजून वहीत लिहिणं. २२ तारखेला वही दाखवणं. फरक नाही पडला तर बीपीची गोळी सुरू.

संकल्प: पाचवी गोळी या घरात येणार नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

पहाटे उठून गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठाने पाच किलोमीटर. असं ठरलं होतं. पण आज अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या गर्दीत पंचवटीतून चालणं म्हणजे चेंगरून घेणं, त्याने बीपी वाढतं. घरीच थांबलो. गणपतीला निरोप देताना मोदक. अकरा. प्रसादाला नाही म्हणत नाहीत.

बीपीचं मशीन खोक्यातच आहे, सेल नाहीत. वहीत १३८/८८ लिहिलं. अंदाजच, पण माफक ठेवलाय.

रविवार, ७ सप्टेंबर

दर रविवारी आमच्याकडे एक प्रयोग होतो. छाया फ्रिजमधून मोसंबी काढते, बाटलीतल्या पाण्याने सिरिंज भरते, आणि मोसंबीला इंजेक्शन देते. बाईंनी शिकवलंय. मला उलट्या सुरू झाल्या, गोळी पोटात टिकेनाशी झाली, तर मांडीत टोचायचं इंजेक्शन असतं म्हणे. त्याची तालीम. मलाही शिकायला सांगितलं होतं, सुधाला कधी लागलं तर. मी पुरुष माणूस, फळांना सुया काय टोचत बसू.

नंतर त्या मोसंबीचा रस मीच पितो. भोकं पडल्याने पाणचट लागतो. दोन चमचे साखर घालावी लागते.

संध्याकाळी सुधाचा फोन, इंदिरानगरहून. आज सहा किलोमीटर चालली म्हणे, जेवणात काकडी आणि ज्वारीची भाकरी. मग रोजचा प्रश्न: दादा, गोळी घेतलीस? शाळेत मास्तरीण आहे, हजेरी घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर

मयुरेश आला. माझा चुलतभाऊ, आमच्या घराण्यातला रामकुंडावर अजून भिक्षुकी करणारा शेवटचा माणूस. पितृपक्ष सुरू झाला आणि त्याच्याकडे जेवायला ब्राह्मण नाहीत. तरुण पोरं सगळी पुण्यात, लॅपटॉप घेऊन. त्याने माझ्याकडे, विशेषतः माझ्या पोटाकडे, आशेने पाहिलं. दादा, तू बसलास की यजमानाला वाटतं पितर तृप्त झाले.

कॉलेजच्या ऑफिसातून अर्ध्या रजा टाकीन म्हटलं. दोन आठवड्यांत नऊ पानं.

अटी: श्राद्धाला बसणाऱ्याने सकाळपासून काही खायचं नाही. दुपारी एक-दीडला पान, मग रात्री काही नाही. एकभुक्त. आणि माणूस निरोगी दिसला पाहिजे. माझ्या मनगटावर स्टीलचं कडं असतं, त्यावर आजाराचं नाव कोरलंय. ते काढ म्हणाला. आणि पानावर गोळ्याबिळ्या काढू नकोस, यजमानाला शंका येते.

हे ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चोवीस तासांत एकच जेवण! लोक डायटिशियनकडे रांगा लावून हेच शिकतात. माझ्या हृदयासाठी पूर्वजांनी आधीच सोय करून ठेवली होती.

कडं ड्रॉवरमध्ये टाकलं. बीपी १३६/८६ (अंदाज).

मंगळवार, ९ सप्टेंबर

पहिलं पान, गंगापूर रोडला. खीर, उडदाचे वडे, अळूच्या वड्या, भोपळ्याचे घारगे, कढी, आमसुलाची चटणी. श्राद्धाला बसलेल्याने काही मागायचं नसतं आणि नावंही ठेवायची नसतात. यजमान वाढतील ते मुकाट्याने खायचं. मी नियम मोडला नाही. वड्यांची चौथी फेरीही मुकाट्याने खाल्ली.

एक तांत्रिक अडचण आली. सकाळची गोळी काहीतरी खाऊन घ्या असं बाईंनीच सांगितलंय. आणि सकाळी खायचं नाही हे शास्त्र. दोन्हींचा मान राखून गोळी दुपारी घेतली.

गुरुवार, ११ सप्टेंबर

भरणी श्राद्धाचा दिवस. दोन घरं, एक साडेबाराला, एक अडीचला. एकभुक्तात दोन पानं बसतात का, मयुरेशला विचारलं. मध्ये झोपला नाहीस तर एकच धरतात म्हणाला.

सकाळची गोळी दुपारी, दुपारची संध्याकाळी, संध्याकाळची उपाशीपोटी कशी घेणार म्हणून राहिली. चालणं उद्यापासून. बीपी १३२/८४ (अंदाज, पण हात लावून नाडी पाहिली).

शनिवार, १३ सप्टेंबर

वजनकाट्यावर उभा राहिलो. ९४.२.

थोडा वेळ खाली बसलो. मग विचार केला. मी एकभुक्त, तरी वजन वाढतंय. म्हणजे दोष जेवणाचा नाही. मग उरलं काय? बाईंचेच शब्द: जास्त गोळीने पोट, बीपी, शुगर वाढतं. साधं गणित आहे. जास्त गोळीने वाढतं, तर कमी गोळीने कमी होईल, आणि गोळीच नसेल तर झपाट्याने होईल. हे बाईंना सुचलं नाही कारण त्या गोळ्या लिहिण्याच्या धंद्यात आहेत.

फक्त २२ तारखेपर्यंत. आकडे दाखवायचे, बाईंना गप्प करायचं, मग बघू.

छायाला हे समजणार नाही. तिला पाकीट मोकळं झालेलं दिसलं पाहिजे. म्हणून रोज गोळ्या सोलायच्या आणि चष्म्याच्या जुन्या घरात टाकायच्या.

सोमवार, १५ सप्टेंबर

दुसरा दिवस. ठणठणीत. मेरी कॉलनीत एक पान. खीर नेहमीइतकी गेली नाही. संयम अंगी भिनतोय.

सुधाचा फोन. गोळी? घेतली म्हटलं. ती म्हणाली, मला गेल्या वर्षी बाईंनी डोस थोडा कमी करून दिला, दर दोन महिन्यांनी रक्त तपासून, तेव्हा कुठे साखर खाली आली. दर दोन महिन्यांनी रक्त! मी एका आठवड्यात उरकतोय.

मंगळवार, १६ सप्टेंबर

९३.१! एका दिवसात दीड वाटी खीर नाकारली. ऑफिसात खुर्चीतून उठताना जरा गरगरलं. शरीरातली चरबी वितळताना असं होत असावं.

बुधवार, १७ सप्टेंबर

एकादशी. साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी समोर, आणि मला नको वाटली! छायाने कपाळाला हात लावून पाहिला. लग्नाला सोळा वर्षं झाली, खिचडी मी पहिल्यांदा परत केली. तिला इच्छाशक्ती कशी असते ते माहीत नाही.

फक्त लिंबाच्या लोणच्याचा खार चाटत बसलो. मग बरणीतलं मीठ चिमटीने. फार बरं वाटतं.

९२.०. पाय जड आहेत, त्यामुळे चालणं उद्या.

गुरुवार, १८ सप्टेंबर

ऐतिहासिक दिवस. मशीनला सेल घातले आणि पहिल्यांदा खरोखर मोजलं. ९६/६०!

पुन्हा मोजलं. ९४/५८. उभं राहून मोजलं तर त्याहून कमी, पण तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून आकडा नीट दिसला नाही. एकही बीपीची गोळी न घेता, एकही पाऊल न चालता! वहीत लाल पेनने लिहिलं आणि चौकट केली. बाई हा आकडा परिषदेत दाखवतील.

पोटात सारखं ढवळतंय. परवा दारणा रोडच्या यजमानांचं तेल बरोबर नसावं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज पान होतं, पण पहिल्या घासालाच उमळलं. खीर द्रोणाआड लपवली. ताटातलं मीठ मात्र संपवलं आणि खुणेने पुन्हा मागितलं, तीनदा. यजमानीणबाईंनी स्वतःच्या भाज्या चाखून पाहिल्या आणि माझ्याकडे रागाने बघत राहिल्या. मयुरेशने घरी येताना ऐकवलं, मागायचं नसतं ठाऊक नाही का तुला.

संध्याकाळी सुधाला गंमत म्हणून हे सांगितलं. ती हसली नाही. मग म्हणाली, दादा, आपल्याला मिठाची अशी ओढ कधी लागते, आई काय सांगायची आठवतं? गोळी खरंच घेतोस? म्हटलं, छायाला विचार, पाकीट मोकळं आहे.

तिने छायालाच फोन केला. स्वयंपाकघरात पंधरा मिनिटं कुजबुज. नणंद-भावजयांचं एवढं पटत असेल तर घरातल्या माणसाने सावध असावं. छाया बाहेर येऊन म्हणाली, उद्या दवाखान्यात जाऊ. म्हटलं, २२ लाच जायचंय. रडायला लागली. कटकट नको म्हणून खोलीत जाऊन पडलो.

शनिवार, २० सप्टेंबर

९०.३! आठवड्यात जवळजवळ चार किलो. दोनदा उलटी झाली, त्याचाही उपयोग झाला असणार. ऑफिसला गेलो नाही. इतकं थकायला झालंय की पेन धरवत नाही, पण आकडे बघून मन प्रसन्न.

छाया सकाळपासून माझ्यापुढे पाणी आणि गोळी घेऊन उभी राहते. तिच्यासमोर तोंडात घातली, जिभेखाली धरली, मोरीत थुंकली. परवा बाईंच्या तोंडावर वही ठेवेन तेव्हा कळेल तिला.

उद्या सर्वपित्री अमावास्या, शेवटचं पान सायखेड्याला. मयुरेशचे यजमान, शेतकरी कुटुंब. आमचे आजोबा असते तर शेतकऱ्याच्या घरी शिजलेलं खाल्लं म्हणून मला घरात घेतलं नसतं. मी तसलं काही मानत नाही. शिवाय त्यांची खीर म्हशीच्या दुधाची असते. छाया म्हणते मी पण येणार. ये म्हटलं. मोठी पर्स घेऊन निघायचं म्हणते, कशाला कोण जाणे.

मंगळवार, २३ सप्टेंबर. हॉस्पिटल, खोली क्र. ७

हाताला सलाईन आहे, अक्षर वाकडं येतंय. जे झालं ते लिहून ठेवतो. मला आठवतं तेवढं आणि बाकीचं छायाने सांगितलेलं.

सायखेड्याला घरच्या म्हाताऱ्या बायडाबाईंच्या नवऱ्याचं, पुंजाबाबांचं श्राद्ध होतं. त्यांचा मुलगा गोरक्ष, तो सगळं करत होता. अंगणापासून ओसरीपर्यंत मला मयुरेशने धरून नेलं. पान मांडलं. मयुरेशने संकल्प सांगितला, गोरक्षने पाणी सोडलं. पुंजाबाबांच्या नावाने मी खिरीचा पहिला घास घेतला, आणि तो, दुपारपर्यंत प्यायलेलं सगळं पाणी, सगळं त्याच पानावर बाहेर आलं.

मयुरेशने कपाळावर हात मारला. बसलेल्या ब्राह्मणाला उलटी झाली की श्राद्ध वाया, सगळं पहिल्यापासून करावं लागतं. ओसरीवर भाऊबंद बसलेले. तेव्हा बायडाबाई म्हणाल्या, "जिता व्हता तव्हा म्हाताऱ्याला कधी काय पचलं नाय. मेल्यावर बी नाय पचलं." कोणीतरी हसलं. मग म्हणे मी आडवा झालो आणि हसणं थांबलं.

मयुरेश लिंबूपाणी मागत होता. गोरक्ष कांदा शोधत होता, नाकाला लावायला. छायाने मोठ्या पर्समधून डबा काढला. कुपी फोडली, पूड पाण्यात हलवली, सिरिंज भरली. मयुरेश म्हणाला, वहिनी, सोवळ्यातल्या माणसाला सुई काय लावता, शास्त्र आहे. बायडाबाईंनी त्याला हाताने बाजूला सारलं. "ओ भटजी, सरका. तिचा नवरा हाय तो. शास्तर मागून बघू." छायाने सोवळ्यावरूनच मांडीत टोचलं.

गोरक्षने टोमॅटोची पिकअप रिकामी केली. सायखेडा ते नाशिक मी रिकाम्या क्रेटांच्या मध्ये, डोकं छायाच्या मांडीवर. बायडाबाई पुढे बसून आल्या, नवऱ्याचं श्राद्ध तसंच सोडून. सुधा हॉस्पिटलच्या दारात उभी होती, स्ट्रेचर आधीच मागवून.

काल २२ तारीख. बाईंची अपॉइंटमेंट पाळली गेली, फक्त बाईच माझ्याकडे आल्या. रक्तातलं मीठ, सोडियम, तळाला गेलेलं, साखर पन्नासला. आणखी तासभर उशीर झाला असता तर, असं म्हणाल्या आणि वाक्य अर्धंच ठेवलं. छायाने चष्म्याचं जुनं घर त्यांच्यापुढे उघडलं. तिला सापडलं होतं. बाईंनी त्यातल्या गोळ्या मोजल्या.

मग वही मागितली. १३८, १३६, १३२ वरून नजर फिरवली. लाल चौकटीवर थांबल्या. म्हणाल्या, बाकी कुठलाच खरा वाटत नाही, हा एकच खरा आहे. आणि हा बघितलात त्याच तासाला तुम्ही पळत इथे यायला हवं होतं. उतरलेलं वजन चरबीचं नव्हतं, पाण्याचं होतं. भूक मेली ती इच्छाशक्तीने नाही. मीठ चाटत होतात ते शरीर ओरडत होतं म्हणून. आणि मी त्या आकड्याला चौकट केली होती.

मला भीती वाटली. ते सांगत असताना नाही. त्या गेल्यावर, छाया खुर्चीत बसल्या बसल्या झोपली, तेव्हा. फार भीती वाटली.

गुरुवार, २५ सप्टेंबर

घरी. वजन ९४.४. सलाईनचं थोडं धरलं तरी सुरुवातीपेक्षा जास्तच. बीपीची गोळी सुरू. पाचवी.

मयुरेशचा फोन. सायखेड्याला श्राद्ध पुन्हा करायचं ठरलंय. बायडाबाईंचा निरोप: त्याच माणसाला बसवा, दुसरा नको. पण सकाळी न्याहारी करून, गोळी घेऊन, कडं घालून यायचं, आणि मी सोता बघणार. मयुरेश कुरकुरला, एकभुक्ताचं काय? बायडाबाई म्हणाल्या, "माझ्या म्हाताऱ्याला चालतंय." खीर मात्र एकच वाटी मिळणार आहे. सुधाने त्यांना फोन करून सांगितलंय.

दुपारी सुधा आली आणि दोघींनी मला मोसंबीपुढे बसवलं. उद्या सुधाला लागलं तर कोण टोचणार, असं छाया म्हणाली. मी दाबली तशी सुई सालीवरून घसरली आणि मोसंबी कॉटखाली गेली. दुसरी घ्यायला फ्रिज उघडला तर खालच्या खणात रसाला न काढलेल्या जुन्या चार दिसल्या. प्रत्येकीला भोक एकाच जागी, सरळ, तेवढंच खोल. तीन वर्षं दर रविवारी हे चाललं होतं आणि मी रसात साखर कमी पडते म्हणून कुरकुरत होतो. मोसंबी सोलून तशीच खाल्ली, आंबट होती.

संध्याकाळी लिहायला बसलो: उद्यापासून रोज गंगेच्या काठाने पाच किलोमीटर. एवढं लिहितोय तोवर छाया चपला घालून दारात. उद्या नाही, आत्ता.

कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत गेलो. परत येताना तिने रिक्षा केली.

मग मशीन बांधलं, पाच मिनिटं शांत बसून, बाईंनी सांगितलं तसं. छायाने आकडा वाचला, मी वहीत लिहिला.

बीपी १४८/९४. मोजलेलं.